सोंग घेणारे आणि सोंग घडविणारे

सुशिक्षित कुटुंबांतून मुलांच्या वागणुकीविषयी जी गाऱ्हाणी ऐकू येतात, त्यांत अलीकडे एकाची भर पडली आहे. मुलगा मोबाइलवर खेळतो, हे गाऱ्हाणे आता जुने झाले. नवे गाऱ्हाणे असे की, मुलगा धड खेळतसुद्धा नाही. खेळातल्या बाहुल्याचे कपडे रंगवीत तासन् तास बसतो. परभणीच्या वकिलाचे घर असो, सेलूच्या अडत्याचे असो की गंगाखेडच्या शिक्षकाचे असो, सूर एकच. खेळण्यात निदान हारजीत तरी असते; या रंगकामात काय आहे? हे रिकामपणाचे उद्योग नव्हेत तर काय?

आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या गाऱ्हाण्यात आरोपी चुकीचा धरला गेला आहे. जो मुलगा खेळातील वेश स्वतः काढतो तो घरात बोलणी खातो. आणि जो मुलगा तसलाच वेश कंपनीच्या दुकानातून विकत घेतो, त्याचे पैसे वडील थोडेसे कुरकुरून का होईना, पण भरतात. एकाची गणना रिकामटेकड्यांत होते, दुसऱ्याची हौशी मुलांत. हा न्याय उलटा आहे आणि तो उलटा आहे हे दाखविणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांस या प्रकाराचा परिचय नसेल, त्यांच्याकरिता थोडा खुलासा करणे अवश्य आहे. इंटरनेटवर अनेक जण मिळून एकाच वेळी खेळतात, अशा खेळांत प्रत्येक खेळणाऱ्याचा एक बाहुला असतो. तोच त्याचा खेळातील देह. त्या देहावर जे रूप चढवितात त्यास मुले 'स्किन' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ कातडी. परंतु वस्तुतः ती कातडी नव्हे, वेश आहे. आमच्या भाषेत यास 'सोंग' हा नेमका आणि जुना शब्द आहे. जत्रेत, उत्सवात, लळितात सोंगे येत असत. बहुरूपी आणि रायरंद गावोगाव सोंगे घेऊन फिरत असत आणि कोठे कोठे अजून फिरतात. सोंगाने नेम साधत नाही की धाव वाढत नाही. बहुतेक खेळांत त्याचा उपयोग एवढाच की, इतरांस आपण कोण दिसावे हे त्यावरून ठरते. तथापि 'एवढाच' हा शब्द आम्ही वापरला खरा, पण तो पुरता खरा नाही. आपण दुसऱ्यास कोण दिसावे, या प्रश्नाची ओढ चौदा वर्षांच्या मुलास जितकी असते तितकी क्वचितच इतर कोणास असेल.

आता बहुरूप्याचीच गोष्ट घ्या. तो फौजदार होऊन आला की घरातील बायकामाणसे क्षणभर दचकत आणि मग हसत. त्याचा डगला कोठून तरी मागून आणलेला असे, पट्टा जुन्या चामड्याचा असे, मिशा त्याने स्वतः चिकटविलेल्या असत. सोंग त्याचे होते, कारण ते त्याने जमविले होते आणि वठविले होते. त्या सोंगाची तयार पुडी कोणी त्यास विकली असती, तर तो बहुरूपी राहिला नसता. विकणाऱ्याच्या दुकानापुढील पुतळा झाला असता. आमच्या मुलांपैकी बहुरूपी कोण आणि पुतळा कोण, हा खरा प्रश्न आहे. आणि कुटुंबांतील वादावादीत तोच कधी विचारला जात नाही.

प्रथम घडविणाऱ्या मुलाचा खटला ऐकू. 'माइनक्राफ्ट' या मूळच्या स्वीडिश खेळाचे उदाहरण घेऊ, कारण त्यात संगणकावर स्वतः काढलेला वेश चढविण्यास वेगळा पैसा पडत नाही. खेळ एकदा विकत घेतला म्हणजे झाले. त्यातील बाहुल्याचा संपूर्ण वेश म्हणजे एक चौरस चित्र असते. आडवी ६४ घरे, उभी ६४ घरे. एकूण ४०९६ ठिपके. २०१४ पूर्वी हे चित्र याच्या निम्मे होते आणि डावा हात व डावा पाय यांस उजव्याचेच प्रतिबिंब पत्करावे लागे. डोके हा सहा बाजूंचा ठोकळा. त्याची प्रत्येक बाजू ८ घरे रुंद आणि ८ घरे उंच. छाती-पोटाची पुढली बाजू ८ रुंद, १२ उंच. हात-पाय ४ रुंद, १२ उंच. सडपातळ नमुन्यात हात ३ घरांचे. या सर्वांवर दुसरा एक थर असतो, त्यातील मोकळी घरे पारदर्शक राहतात. टोपी, केस, जाकीट, उपरणे ही त्यावर काढावयाची.

ही माहिती रुक्ष वाटेल, परंतु आमच्या बाजूचा पुरावा तीतच आहे. संपूर्ण चेहऱ्यास ६४ ठिपके! त्यांत डोळे, भुवया, नाक, ओठ, मिशी आणि हवे असल्यास कपाळावरचे कुंकू बसवावयाचे. डोळ्याचा एक ठिपका खाली सरकला की माणूस झोपाळू दिसतो. भुवईचा एक ठिपका आत घेतला की तो रागीट होतो. ज्याने हे करून पाहिले त्यास चेहरा म्हणजे काय, हे जितके कळते तितके शंभर छायाचित्रे पाहून कळत नाही. दुसरी गोष्ट बेतण्याची. चित्र सपाट आहे, देह घन आहे. कागदावर एकमेकांपासून दूर असलेल्या कडा अंगावर चढल्यावर एकमेकींस भिडतात. तेव्हा सदऱ्याचा पट्टा पुढून जेथे संपला, बगलेत तेथूनच सुरू झाला पाहिजे. हे शिंप्याचे ज्ञान आहे, आणि भूमितीचेही आहे. तिसरी गोष्ट उजेडाची. एकाच तांबड्या रंगाने पागोटे भरले तर तो नुसता तांबडा ठोकळा दिसतो. वर फिकट, मध्ये भर, खाली गडद अशा तीन छटा योजाव्या तेव्हा पागोट्यास पीळ येतो.

आता या मुलास आपल्या मुलखातील एखादे रूप काढावयास सांगा. वासुदेवाचा टोप घ्या. मोरपिसांचा तो उंच निमुळता टोप या ठोकळ्यावर उभा राहूच शकत नाही, कारण बाहुल्याचा आकार बदलता येत नाही, केवळ रंगविता येतो. मग तो सुचवावा लागतो: वरच्या थरावर निळ्याहिरव्या रेषा, प्रत्येकीच्या टोकाशी एक गडद ठिपका, आणि कपाळपट्टी मात्र घट्ट. जिंतुराकडच्या तांड्यांतील बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवरील आरसा घ्या. एका ठिपक्यात आरसा कसा चमकवावा? पांढरा ठिपका एकटा ठेवला तर तो डाग दिसतो. त्याच्या शेजारी काळा आणि मग तांबडा ठेवला तर तो चमकतो. हे ज्यास सुचले, त्याने रंगांच्या परस्परसंबंधाचा पहिला धडा कोणी न शिकविता घेतला.

आमच्या राज्यात शाळकरी मुले कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात. तेथे 'संकल्पचित्र' नावाचा विषय असतो. दिलेल्या चौकटीत आकार बसवावे, मोजक्या रंगांत रेखन करावे, हेच त्यात अपेक्षित असते. त्या परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली की पेढे वाटले जातात. तेच संकल्पचित्र मुलाने खेळातील देहाकरिता काढले की तो वाया गेला! कागद बदलला म्हणून कला बदलत नाही, एवढे तरी सुशिक्षितांस कळावे. रात्री जागू नये, डोळ्यांस ताण देऊ नये, अनोळखी माणसांशी बोलण्यात सावध असावे, या गोष्टी आम्हांस पूर्णपणे मान्य आहेत. पण त्या मर्यादा वाचनासही लागतात. कादंबरी वाचीत पहाट करणाऱ्या मुलास आपण निजावयास सांगतो. वाचन हे व्यसन आहे असे म्हणत नाही.

आता दुसरा आरोपी उभा करू. ज्यास आजवर कोणी उभा केलेला नाही. २००६ साली बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने आपल्या एका खेळातील घोड्याच्या चिलखताकरिता अडीच डॉलर मागितले, तेव्हा खेळणाऱ्यांनी तिची मनसोक्त टर उडविली. जे अस्तित्वातच नाही त्या घोड्याला जे अस्तित्वातच नाही ते चिलखत, आणि त्याचे खरे पैसे! तथापि हसणारे हसले आणि विकणारे शिकले. पुढील दहाबारा वर्षांत व्यवहार असा पालटला की, खेळ फुकट द्यावयाचा आणि वेश विकावयाचे. २०१७ साली निघालेल्या 'फोर्टनाइट'ने हीच रीत जगभर रूढ केली. त्याच्या मालक कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी जी तडजोड केली, तिची रक्कम ५२ कोटी डॉलर होती. पैकी साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगी माहितीविषयीच्या तक्रारीबद्दल दंड म्हणून, आणि साडेचोवीस कोटी ग्राहकांस परत देण्याकरिता. कारण, आरोप असा होता की, बटणांची रचनाच अशी केली होती की नको असलेली खरेदी हातून व्हावी. बेल्जियमने तर २०१८ सालीच, पैसे भरून उघडावयाच्या आणि आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या पेट्यांस जुगार ठरविले.

आमच्याकडे एक म्हण आहे: सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. या कंपन्यांनी ती म्हण खोटी पाडली आहे. त्यांच्या दुकानात रुपया चालत नाही. रुपया देऊन प्रथम त्यांचे नाणे घ्यावे लागते. कोठे त्यास 'यूसी' म्हणतात, कोठे 'डायमंड', कोठे 'रोबक्स'. मुलगा शंभर रुपये खर्च करीत नाही, तो 'डायमंड' खर्च करतो. आणि शंभर रुपये हातातून जाताना जे दुखते ते 'डायमंड' जाताना दुखत नाही. नाण्यांच्या पुड्याही अशा बांधलेल्या असतात की एक वेश घेतल्यावर थोडी नाणी उरावी, परंतु दुसरा घेण्यास पुरू नये. जत्रेतील जुगाऱ्यालाही इतकी युक्ती सुचली नसती. म्हणजे येथे सर्वांत कुशल सोंग मुलाच्या बाहुल्याने घेतलेले नाही; पैशाने घेतलेले आहे.

यावर विकणाऱ्यांचे पक्षकार म्हणतील: हौसेला मोल असते, लग्नात शालू घेता, सणाला जरीची टोपी घेता, तेथे उपयोगाचा हिशेब मांडता काय? खेळ फुकट दिला, मग कंपनीने पोट कशावर भरावे? हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. मिळवत्या प्रौढाने स्वतःच्या पैशाने वेश घेतला तर आम्हांस त्यात बोलावयाचे काही नाही. परंतु शालू आणि हा वेश यांत एक भेद आहे. शालू घरात येतो. तो विकता येतो, लेकीला देता येतो, फाटला तर त्याची कुंची शिवता येते. खेळातील वेश घरात येतच नाही. अशा बहुतेक खेळांच्या अटी वाचाव्यात. त्यांत स्पष्ट लिहिलेले असते की ग्राहकास मिळतो तो केवळ वापराचा परवाना, मालकी नव्हे.

याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाइल' होता. आणि ३० ऑक्टोबर रोजी भारतातील खेळणाऱ्यांकरिता त्याचे दार पुरते बंद झाले. ज्यांनी दोन वर्षे पैसे साठवून वेश घेतले होते, त्यांचे वेश त्या दिवशी कोठे गेले? पुढे २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने आला आणि जुना संग्रह नव्या घरात नेण्याची सवलत मिळाली. ठीक झाले. पण ती सवलत होती, हक्क नव्हता. आणि मधले आठ महिने त्या संग्रहाची किंमत शून्य होती. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्नच नाही. प्रश्न हा की, जी वस्तू दूरच्या कोणी तरी दार लावताच नाहीशी होते, ती आम्ही 'विकत घेतली' असे कोणत्या तोंडाने म्हणतो? याउलट मुलाने स्वतः काढलेले ६४ घरांचे चित्र खेळ बंद पडला तरी त्याच्यापाशीच राहते. तो ते छापील, दुसरीकडे चढवील, दहा वर्षांनी पाहून सुधारील. कायदाही त्याच्याच बाजूस आहे. १९५७ च्या आमच्या प्रताधिकार कायद्याने चित्राचा पहिला मालक ते काढणारा ठरतो, आणि तो हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी द्यावा लागतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगू. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास पात्र नाही. आणि अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल होय, हे प्रिव्ही कौन्सिलाने मोहरी बीबीच्या खटल्यात १९०३ साली ठरवून टाकले. मग तेरा-चौदा वर्षांचा मुलगा 'मला अटी मान्य आहेत' या बटणावर बोट ठेवतो, तेव्हा त्यास काय म्हणावे? ज्या देशात त्याच्या सहीने एक सायकल उधार मिळणार नाही, त्याच देशात त्याच्या बोटाने रोज व्यवहार होतात आणि आम्ही वडील मंडळी ते पाहत बसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा केला, त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. ते चांगलेच झाले. पण वेशाची विक्री हा त्या कायद्याचा मूळ विषय नव्हे. तो पहारा घरालाच करावा लागेल.

येथवर आम्ही दोन पक्षांशी बोललो. तिसरा पक्ष आमच्या जवळचा आहे, म्हणून त्याच्याशी बोलणे अधिक अवघड. हे गृहस्थ म्हणतात: परदेशी वेश नकोत, खेळात देशी वेश आले की काम झाले. पुण्यात तशी सुरुवात झालीही आहे. तेथील 'सुपरगेमिंग' या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा अनेकांनी मिळून खेळावयाचा लढाईचा खेळ काढला, आणि त्यातील पात्रांस 'सर-ताज', 'मोर-नी' अशी आपल्या कानांस ओळखीची नावे व रूपे दिली. पुण्यातीलच 'नॉडिंग हेड्स' या मंडळीने २०२० साली 'राजी' हा एकट्याने खेळावयाचा खेळ काढून, आपल्याकडील शिल्प आणि पुराण यांतून जगास आवडेल असे काही घडविता येते, हे दाखवून दिले. या उद्योगाचे आम्हांस कौतुक आहे. तथापि देशी वेश विकत घेणारा मुलगा देखील विकत घेणाराच. मोराचे पीस लावले म्हणून तो घडविणारा होत नाही.

ही गोष्ट परभणी जिल्ह्यास दुसऱ्याने सांगावयास नको. मानवत आणि सेलू या कापसाच्या पेठा. काळ्या जमिनीत कापूस आम्ही पिकवावा, सरकी आम्ही काढावी, गाठी आम्ही बांधाव्या. आणि सूत, कापड, सदरा हे सर्व अन्यत्र व्हावे. मग तोच कापूस शिवून, घडी घालून, चौपट किमतीने आमच्याच बाजारात परत यावा. या व्यवहारात आमच्या वाट्यास घाम आला आणि नफा दुसरीकडे गेला, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. आज मुलांच्या बाबतीत तोच व्यवहार नव्याने चालू आहे. खेळास लागणारा कच्चा माल म्हणजे खेळणाऱ्यांचा वेळ, लक्ष आणि एकमेकांस दिसण्याची हौस. ती आमची मुले फुकट पुरवितात. पक्का माल, म्हणजे वेश, तो दुसरीकडे तयार होऊन त्यांनाच विकला जातो. तो सिंगापुरात तयार झाला किंवा सोलमध्ये झाला तर परावलंबन, आणि पुण्यात झाला तर स्वावलंबन, असे मराठवाड्यातील माणसाने तरी म्हणू नये. अनुशेष हा शब्द आम्ही रस्ते आणि पाटबंधारे यांपुरता वापरतो. कौशल्याचाही अनुशेष असतो आणि तो अधिक हळूहळू भरतो.

शिवाय देशी वेश काढणे हे देशी नाव देण्याइतके सोपे नाही. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम याच परभणीचे. गोंधळ्याचा पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, हाती पेटती दिवटी, शेजारी संबळ आणि तुणतुणे. चित्रास किती भरघोस विषय! पण ज्याने संबळ ऐकलाच नाही, कवडी कोणत्या देवीची हे ज्यास ठाऊक नाही, त्याने काढलेला गोंधळी हा रंगीत ठोकळा होईल, गोंधळी होणार नाही. पोतराजाचे तर याहून नाजूक. त्याचा मळवट, वाढविलेले केस आणि हातातील कोरडा पाहून एखाद्या हुशार मुलास वाटेल, काय भयंकर योद्धा दिसेल हा! परंतु तो कोरडा शत्रूवर पडत नाही, स्वतःच्या अंगावर पडतो. त्याच्यामागे नवस आहे, दारिद्र्य आहे आणि त्यातून बाहेर पडण्याची अनेकांची धडपडही आहे. बंजारा स्त्रीचा पोशाख हा कोणाचा तरी रोजचा, आईचा पोशाख आहे; गंमत म्हणून चढवून खेळात गोळ्या खावयास धाडण्याची वस्तू नव्हे. कोणाचे रूप घ्यावे, ते कशाकरिता घ्यावे आणि ज्याचे रूप घेतले त्यास ते पाहून काय वाटेल, हे तीन प्रश्न घडविणाऱ्यास पडतात. विकत घेणाऱ्यास ते कधीच पडत नाहीत. त्यास एकच प्रश्न पडतो, किती पडतील? घडविण्यातून नुसती कला शिकता येते असे नव्हे, तर विवेकही शिकता येतो, असे जे आम्ही म्हणतो ते याचसाठी.

मुलींविषयी दोन शब्द. 'माइनक्राफ्ट'मध्ये बरीच वर्षे कंपनीने दिलेले आयते रूप एकच होते, आणि ते पुरुषाचे होते. दुसरे, स्त्रीचे, २०१४ साली आले. आणखी सात २०२२ साली आली. मधल्या काळात ज्या मुलीस आपल्यासारखे दिसावयाचे होते, तिला ते रूप स्वतः काढणे किंवा दुसऱ्या कोणी काढलेले मागणे, याखेरीज मार्ग नव्हता. दुकानदाराच्या यादीत आपण नसलो म्हणजे हातात कुंचला घ्यावा लागतो, हा अनुभव कडू खरा, पण त्याने हात तयार होतो. आज कित्येक घरांत मुलास खेळू देतात आणि मुलीच्या हातातील फोन काढून घेतात. ज्या घरात आजीने वाकळ शिवली आणि आईने रांगोळीच्या ठिपक्यांतून कमळ काढले, त्या घरातील मुलीस ठिपक्यांचे गणित परके नाही. तिला ते खेळातही करू द्यावे.

कोणी म्हणेल, मग तुमचे म्हणणे तरी काय? मुलांस मोकळे सोडावे? तसे आम्ही कोठेही म्हटलेले नाही. आम्ही घरांपुढे एक कसोटी ठेवतो. मुलाने एखादा खेळ मागितला की त्यास विचारावे: या खेळात तू स्वतः काढलेला वेश चढविता येतो काय? येत असेल तर त्याचा पुढचा विचार करावा. येत नसेल, आणि वेश केवळ विकतच मिळत असतील, तर त्या खेळाकरिता घरातून एक पैसाही जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवावे. ही कसोटी परिपूर्ण नाही, हे आम्ही जाणतो. 'रोब्लॉक्स'मध्ये सदरा स्वतः बेतता येतो, त्याचा आराखडा ५८५ बाय ५५९ ठिपक्यांचा असतो, पण तो चढविण्यास त्यांचीच नाणी मोजावी लागतात. खुद्द 'माइनक्राफ्ट'नेही २०१७ पासून स्वतःचा बाजार उघडला आहे. परंतु कसोटी असली म्हणजे निदान बोलणे सुरू होते. केवळ 'ठेव तो फोन' या तीन शब्दांनी आजवर कोणते घर सुधारले आहे?

दुसरे, या कामास आरंभी फोनही लागत नाही. भूमितीच्या तासाचा आलेख कागद घ्यावा, त्यावर आठ बाय आठ घरे आखावी आणि त्यांत आजोबांचा चेहरा बसवून दाखव, असे मुलास सांगावे. ज्याच्या घरी संगणक नाही असा पालम किंवा सोनपेठचा मुलगाही हे करू शकतो. शाळांतील चित्रकला शिक्षकांनी हा विषय संकल्पचित्राच्या तासास घ्यावा. वाचनालयांनी सुटीत अशा चित्रांचे प्रदर्शन मांडावे. मुलांस एकदा चारठाण्यास न्यावे आणि तेथील जुन्या देवळांवर पाथरवटाने टाचभर जागेत कमरपट्टा, केशरचना आणि अलंकार कसे बसविले आहेत, ते मोजून काढावयास लावावे. थोड्या जागेत पुष्कळ सांगण्याची कला आमच्या मुलखास नवी नाही.

तिसरे, घडविणाऱ्याच्या कामास मोल आहे, हे मुलास आणि त्याच्या पालकांस कळावे. २०१० साली अमेरिकेतील 'व्हॉल्व्ह' कंपनीने आपल्या एका खेळाकरिता बाहेरच्या लोकांनी घडविलेल्या टोप्या व हत्यारे विकावयास घेतली, तेव्हा घडविणाऱ्यांस विक्रीचा पंचवीस टक्के वाटा दिला. पंच्याहत्तर टक्के दुकानदाराने ठेवले, म्हणून त्यास उदार कोणी म्हणू नये. परंतु विकत घेणाऱ्यास त्या शंभरातील एकही परत मिळाला नाही, हेही विसरू नये. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली ॲनिमेशन, गेमिंग आणि तत्सम धंद्यांकरिता स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. त्या धोरणाचा ओघ मुंबई-पुण्याशी आटून जाऊ नये, अशी मागणी करण्याचा हक्क परभणीस आहे. परंतु ज्या जिल्ह्यातील घरे घडविणाऱ्या मुलास हिणवितात आणि विकत घेणाऱ्यास पोसतात, त्या जिल्ह्याने ही मागणी कोणत्या बळावर करावी?

सोंग घेण्यात लाज नाही. माणूस सोंगे घेतच मोठा होतो. मुलगा बापाचे जोडे घालून चालतो तेव्हाच त्याची सुरुवात होते. लाज आहे ती दुसऱ्याने ठरविलेले, दुसऱ्याने शिवलेले आणि दुसऱ्याच्याच मालकीचे सोंग पैसे देऊन भाड्याने घेण्यात, आणि त्यास हौस हे नाव देण्यात. तुमच्या घरातील मुलगा आज रात्री जर चौसष्ट घरांत एक चेहरा बसविण्याकरिता धडपडत असेल, तर त्याच्या हातातून ते काम हिसकावू नका. दहा वाजता निजावयास सांगा, आणि सकाळी तो चेहरा कोणाचा आहे, हे त्यास आवर्जून विचारा.